हुरडासाहेबांचा माठ

कुठल्याही संस्थेत गेले की साहेब आधी पाणी मागायचे. तहान असो नसो. अध्यक्ष हार घेऊन पुढे आले तर हार हातातच धरायचे, तो कुठे ठेवावा हे न समजल्यासारखे इकडेतिकडे बघायचे आणि म्हणायचे, अगोदर पाणी तर पाजा. मग पाणी कुठून येतं, कोण आणतं, पेला कोणाचा, तो कोण विसळतं, यावर त्यांची नजर असे. पाणी पिऊन झालं की मिशा पुसत एकच प्रश्न.

"माठ कोन भरते?"

समोरच्यांना वाटे, साहेबांना पाण्याची चव आवडलेली नाही. ते घाईघाईने सांगत, अध्यक्षांच्या घरचा गडी भरतो, विहीर त्यांचीच आहे, पाणी गोड आहे. तेवढ्यात साहेबांचं अर्धं काम झालेलं असे. उरलेलं अर्धं किल्लीवर. कपाटाची किल्ली मागायची आणि ती कोणाच्या कमरेची निघते किंवा कोणाच्या घरून आणावी लागते ते बघायचं. दप्तर ते सर्वांत शेवटी पाहत, आणि तेही चष्मा न लावता.

मी त्या पंचायत समितीत नोकरीला लागले ती इंग्रजीच्या जोरावर. राज्य नवीन होतं, पंचायत समित्या त्याहून नवीन, आणि आमच्या कचेरीच्या भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता. वरून एक भला मोठा तक्ता आला होता. तालुक्यातली प्रत्येक संस्था, मग ती सहकारी सोसायटी असो, महिला मंडळ असो की शाळेची समिती, प्रगतीच्या कितव्या पायरीवर आहे ते त्यात भरायचं होतं. पायऱ्या पाच. सभा किती झाल्या, सभासद किती वाढले, दप्तर पुरं आहे का, असे रकाने. सगळं इंग्रजीत. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. मराठी यायची ती घरातली, तीही बेताची. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी कोणाच्या तरी मागे सरकायचे, त्यामुळे टाइपरायटरच्या मागे बसून दिवस काढायचं काम मिळालं याचा मला आनंदच झाला होता. पण माहिती गोळा करायला साहेबांबरोबर गावोगाव जावं लागेल, हे नेमणुकीच्या कागदात लिहिलेलं नव्हतं.

ते आमच्याकडे सहकाराचे विस्तार अधिकारी होते. त्यांचं नाव मी सांगत नाही. तालुक्यातही ते कोणी घेत नसे. सगळे त्यांना हुरडासाहेब म्हणत, तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळून. याचं कारण असं की वरून आलेल्या तक्त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचा स्वतःचा एक तक्ता होता. तोही पाच पायऱ्यांचा, आणि तो ज्वारीवर बेतलेला होता. पहिली पायरी उगवण. दुसरी पोटरी, म्हणजे कणीस ताटाच्या पोटात असतं, बाहेरून दिसत नाही, हात फिरवून कळतं. तिसरी निसवा, कणीस बाहेर पडतं. चौथी हुरडा. पाचवी खळं. याच्या पलीकडे जगात काही पायरी आहे असं त्यांना वाटत नसे. बस डेपो त्यांच्या मते पोटरीत होता. चौकातलं चहाचं हॉटेल निसवलेलं. आमची कचेरी? "अजून पेरनीच नाही झाली," असं ते गटविकास अधिकाऱ्यांच्या देखत म्हणायचे. एकदा कोणीतरी गमतीनं विचारलं, मग आपलं नवीन राज्य कितव्या पायरीवर? ते म्हणाले, उगवलं तर आहे, तण किती ते अजून दिसायचं आहे.

सर्वांत धोक्याची पायरी हुरड्याची, असं ते सांगत. सुरुवातीला मला हे उलटं वाटायचं. दाणा भरला, गोड झाला, मग धोका कसला? बसमध्ये खिडकीबाहेरच्या शेताकडे बोट दाखवून त्यांनी एकदा समजावलं. पोटरीतल्या ज्वारीकडे कोणी पाहुणा येत नाही. हुरड्यातल्या शेताकडे सगळं गाव येतं, तालुक्याचे साहेब येतात, जिल्ह्याचे येतात, भाजून खातात, वा वा म्हणतात, हात झटकून निघून जातात. "पाह्यजा बाई, बहुतेक संस्था हुरड्यातच सरतात. गोड लागतात ना."

आणि खळ्यावर आलेल्या संस्थेसाठी त्यांचा एक कडक नियम होता. अशा संस्थेत ते पुन्हा पाऊल टाकत नसत. माल खळ्यावर गेला की राखणदाराने मचाण उतरावं, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या वेळेपर्यंत तालुक्यात अशी एकच संस्था झाली होती आणि तिच्या गल्लीतूनही ते जायचं टाळत.

माझी पंचाईत वेगळीच. त्यांची ज्वारी मला इंग्रजी तक्त्यात बसवायची होती. शेऱ्याच्या रकान्यात ते सांगत ते मी जसंच्या तसं भाषांतर करून लिहीत असे. मला शाळेत तसंच शिकवलं होतं. एका सोसायटीपुढे मी इमानदारीने लिहिलं की कणीस पानाच्या आवरणातून बाहेर पडत आहे, दाणा भरण्यास अवधी आहे. महिन्याभराने वरच्या कचेरीचं पत्र आलं, की सदर नोंद सहकारी संस्थेची आहे की कृषी खात्याच्या प्लॉटची, याचा खुलासा व्हावा. गटविकास अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. मी मान खाली घालून उभी होते. साहेब मागून आले, पत्र वाचलं आणि म्हणाले की खुलासा काय द्यायचा, दोन्हीला पाणी लागतं.

त्यांच्या परीक्षेची बातमी तालुकाभर झाली होती, यात नवल नाही. सिंदखेडकडच्या एका गावात गेलो तर सोसायटीच्या दारात नवा कोरा माठ, त्याला फुलांची माळ. किल्ल्या दोन, दोन निरनिराळ्या माणसांच्या गळ्यात. अध्यक्षाला 'नाही' म्हणणारा एक तरी सभासद संस्थेत असावा, ही साहेबांची तिसरी परीक्षा. तीही त्या लोकांना ठाऊक होती. सभा सुरू झाली. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं, तर कोपऱ्यातून एक मध्यमवयीन गृहस्थ उठून म्हणाले, माझा विरोध आहे. मागच्या सभेचा वृत्तांत वाचला, विरोध. खताचा साठा, विरोध. साहेबांना चहा मागवू का असं अध्यक्षांनी विचारलं, त्यालाही त्यांचा विरोध. अध्यक्ष दर वेळी साहेबांकडे अभिमानाने बघत होते.

साहेबांनी त्या गृहस्थांना जवळ बोलावलं, शेजारी बसवलं, पाठीवर हात ठेवला.

"विरोधाले कोनं बसवलं तुले?"

"अध्यक्षायनं."

"मंग त्या येळी काऊन नाही म्हनलं नाही?"

ते गृहस्थ खरोखर विचारात पडले. सभेत हशा पिकला, अध्यक्षही हसले, आणि मला वाटतं तेवढ्या वेळात ती संस्था थोडी वर सरकली. परतताना साहेबही तेच म्हणाले. पण लिहायला त्यांनी 'उगवण'च सांगितली.

ते नेहमी बरोबर असत असं नाही. हट्टी होते. एकदा ठरवलं की ठरवलं. एका शाळा समितीला गळक्या माठावरून त्यांनी खाली ओढलं, तेव्हा तिथल्या हेडमास्तरांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. पण साखरखेर्ड्याचं महिला मंडळ मला अजून आठवतं. भिंतीवर भरतकामाचे टेबलक्लॉथ ओळीने टांगलेले, बायका शिलाईची यंत्रं पुसून बसलेल्या. तक्त्याप्रमाणे चौथी पायरी सहज. साहेबांनी पाणी मागितलं. खोलीत माठच नव्हता. प्रत्येकीच्या पिशवीतून आपापला तांब्या निघाला, आणि तो साहेबांपुढे कोणी धरावा यावरून बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी कोणीच पुढे झाली नाही. साहेबांनी पुन्हा मागितलं नाही. नमस्कार करून बाहेर पडले. मला काहीच समजलं नव्हतं, मी टेबलक्लॉथांचं कौतुक करत होते. फाट्यावर बसची वाट बघताना ते म्हणाले, "शिवन एकत्र, अन् तहान आपआपली." माझ्या कॉन्व्हेंटात वर्गावर्गात पाण्याची टाकी होती. तिथून कोण पितं आणि कोण पीत नाही हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी माठ बघायला लागले.

आता सुलतानपूरचं सांगायला हवं. तिथली भाजीपाला पिकवणाऱ्यांची मंडळी ही साहेबांची स्वतःची. त्यांनीच घरोघर फिरून उभी केलेली. विहिरीजवळ टिनाच्या छपराची एक खोली, एक सामाईक बैलगाडी, आणि सगळ्यांची भाजी त्या एका गाडीतून, आठवड्यातून दोन-तीन खेपा, तालुक्याच्या बाजारात. किसनराव अध्यक्ष होते, मवाळ, हळू बोलणारे. खरं चालायचं ते अनसाबाईंचं. त्यांना मालक नव्हते, मूलबाळ नव्हतं. विहिरीलगतचं वांग्याचं शेत होतं आणि जीभ होती. त्या खोलीतला माठ सगळ्यांचा होता, सगळे त्यातून पीत. तिथपर्यंत यायला किती भांडणं झाली ते साहेब सांगत तेव्हा त्यांचा आवाज मऊ होई.

दर मंगळवारी, आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, ते सुलतानपूरला जात. गाडी कशी भरायची हे त्यांनीच ठरवून दिलेलं होतं. पाळी लावली होती. ज्याची पाळी त्याचा माल सर्वांत वर, म्हणजे चेंगरणार नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्याचा. कोणावर अन्याय नाही. गाडी भरून झाली की अनसाबाई शेतातल्या खोपीत त्यांना भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढायच्या. साहेबांच्या पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी वारल्या होत्या, मुलगी अकोल्याला दिलेली. भाड्याच्या खोलीत हाताने शिजवून खायचे. दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण त्यांना आठवड्यातून त्या एका दिवशी मिळे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण मंगळवारी सकाळी ते दाढी करून येत, आणि बाकीच्या दिवशी एक दिवसाआड.

त्या वर्षी पंचायत समितीने तालुक्याच्या बाजारात दुकानांचे गाळे बांधले. एक गाळा संस्थेसाठी राखून ठेवला होता, पण चौथ्या किंवा त्यावरच्या पायरीची संस्था हवी, आणि शिफारस विस्तार अधिकाऱ्याची. सुलतानपूरच्या लोकांचा जीव त्या गाळ्यात अडकला होता. तोवर ते अडत्यांच्या ओट्यामागे पोती अंथरून उन्हात बसत. दुपारपर्यंत मेथी माना टाकायची आणि मग अडते यायचे, गाडीच्या गाडी म्हणतील त्या भावात उचलायचे. डोक्यावर सावली असती तर संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं. इतकी साधी गोष्ट होती.

साहेबांनी मंडळीला हुरड्यात धरलं होतं. मी शिफारस टाइप करून ठेवली. त्यांची सही तेवढी राहिली होती, आणि त्याआधी तक्त्यावर किसनरावांची. दिवाळी झाली होती. साहेब तापाने पडून होते, म्हणून मी शुक्रवारी एकटीच बसने सुलतानपूरला गेले.

खोली उघडी होती. कोपऱ्यात माठ पालथा घातलेला. मी सवयीने त्याच्याजवळ गेले. बूड कोरडं होतं आणि तिवईच्या पायांमध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं. किसनराव मागून आले. मी काही विचारलं नाही, मी सहसा विचारत नाही, पण मी कुठे बघते आहे ते त्यांनी पाहिलं. ओशाळून म्हणाले, आज साहेबाचा वार नाही ना. मंगळवारी भरतो आम्ही. अनसाबाई सकाळीच घासूनपुसून भरते. मग त्यांनी घरून तांब्याभर पाणी आणवलं. मी प्यायले, सही घेतली आणि परत निघाले.

बसमध्ये मी स्वतःला सांगत होते की तक्त्यात माठाचा रकाना नाही.

सोमवारी साहेब कामावर आले. शिफारस पुढे ठेवली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि नेहमीचा प्रश्न, सवयीने, माझ्याकडे न बघता विचारला. "पानी पेल्या का, बाई?"

"किसनरावांच्या घरचं," मी म्हटलं.

पेन कागदाच्या वर तसंच राहिलं. मग त्यांनी टोपण लावलं.

नोकरी लागल्यापासून मी इतकं बोलले नव्हते, तेवढं त्या सकाळी बोलले. तक्त्याप्रमाणे त्यांची चौथी पायरी आहे, गुण पुरेसे आहेत, माठाचं कुठे लिहायचं नाही, गाळ्यावाचून त्यांची भाजी वाळते आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. देऊ आपन गाळा. मंगळवारी उघडन तो. बाकीचे दिवस कुलूप."

शिफारस त्यांनी टेबलाच्या खणात टाकली. मुदत मार्चअखेर होती. आणि त्या आठवड्यापासून त्यांनी सुलतानपूरला जाणं बंद केलं. किसनरावांचा निरोप आला, त्यांनी उत्तर दिलं नाही. मंगळवारी ते कचेरीतच बसत. दुपारी समोरच्या हॉटेलातून चिवडा मागवत आणि निम्मा टाकून देत. गटविकास अधिकारी अधूनमधून आठवण करत, की दुसऱ्या एका संस्थेचे अध्यक्ष गाळ्यासाठी खेटे घालत आहेत, वजनदार माणूस आहे, फार दिवस थोपवता येणार नाही. साहेब म्हणत, मार्च आहे अजून.

संक्रांत उलटून गेल्यावर एका दुपारी अनसाबाई कचेरीत आल्या. बाजाराचा दिवस होता, पदर डोक्यावर, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. दारातच उभ्या राहिल्या.

"मेले का जिते हा, ते पाहाले आली."

साहेबांनी बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत. सगळी कचेरी काम करायची थांबली होती. आमचं काय चुकलं ते सांगा, एवढंच त्यांचं मागणं होतं. गाळ्याचा कागद अडवला हे गावात कळलं होतं. साहेबांनी हळू आवाजात सांगितलं की चूक त्यांची नाही. मी येतो म्हणून तुम्ही माठ भरता, आता मी न आल्यावर काय होतं ते बघायचं आहे.

"तुमच्या माठापायी आमची मेथी वाळून राह्यली, साहेब."

मला वाटलं, आता ते खण उघडतील आणि सही करतील. त्यांचा हात खणाकडे गेलाही होता. अनसाबाईंनी फडकं टेबलावर ठेवलं. भाकरीवर राग नाही काढत मी, असं म्हणाल्या आणि आल्या तशा निघून गेल्या. साहेबांनी खण उघडला नाही. फडकं सोडलं, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ करून भरीत-भाकरी खाल्ली. बऱ्याच वेळाने खुर्ची पुन्हा वळली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, वार कोणता ते आठवत नाही, मंगळवार नव्हता एवढं नक्की, ते माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाले, चला बाई. दाढी केलेली नव्हती. बसमध्ये ते खिडकीशी बसले. पिकं निघून गेली होती, शेतं मोकळी होती, बोट दाखवायलाही काही नव्हतं.

खोलीपुढे गाडी भरणं चाललं होतं. आम्ही आलेलो सगळ्यांनी पाहिलं. एरवी साहेब फाट्यावर उतरले की गावात धावपळ सुरू व्हायची. त्या दिवशी कोणी उठलं नाही, कोणी हातातली टोपली खाली ठेवली नाही. किसनरावांनी रामराम केला, तोही गाडीवरूनच. अनसाबाई खाली उभ्या राहून जुड्या वर देत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "बसा साहेब. मेथी चढू द्या."

खोलीच्या दारात माठ होता. बाहेरून ओला, त्याला सुतळीने बांधलेला एक पेला. साहेबांनी तिकडे पाहिलं, पण पुढे झाले नाहीत. त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं होतं. वांगी सगळी तळाला. कोणाचीही असोत. त्यावर टमाट्याचे करंडे, आणि सर्वांत वर मेथी, पाच-सहा घरांची एकत्र, ओल्या पोत्याखाली.

"पाळी कोनाची हाये आज?" त्यांनी विचारलं.

किसनरावांनी खाली बघितलं. हातातली जुडी तशीच धरून राहिले.

"पाळी बंद केली," अनसाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, भराभर, जणू बरेच दिवस तोंडात धरून ठेवलेलं. पाळीमुळे एखाद्या खेपेला वांगी वर आणि मेथी खाली यायची, मेथीचा चोथा व्हायचा. पहिल्या वर्षापासून व्हायचा. माणसांची पाळी लावली, भाजीची कोणी लावली नाही. इतकी वर्षं बोललो नाही, कारण पाळी साहेबांची होती. साहेब यायचे थांबले, मग पहिला महिना नुसती भांडणं झाली, दोन घरं सोडून जायला निघाली होती. शेवटी सगळे बसले आणि ठरवलं की वांगं खाली, मेथी वर, आणि नासलं तर सगळ्यांचं नासलं.

"कोनाले इचारून केलं?" साहेबांचा आवाज कडक होता. मला त्यांचा राग आला.

अनसाबाईंनी प्रथमच वळून त्यांच्याकडे पाहिलं. "एकमेकाले."

साहेब पायरीवर जाऊन बसले. गाडी भरून होईपर्यंत बसून राहिले. कोणी त्यांच्याकडे आलं नाही, कामच तसं होतं, ऊन चढायच्या आत गाडी निघायला हवी होती. गाडी हलली तेव्हा ते उठले, स्वतःच पेला बुडवला आणि पाणी प्यायले. मी प्रश्नाची वाट बघत होते. इतक्या गावांत ऐकून मला त्याची सवय झाली होती. त्यांनी मिशा पुसल्या, पेला जागेवर ठेवला आणि काही न विचारता रस्त्याला लागले. मागून अनसाबाई म्हणाल्या की जेवून जा, भरीत आहे. त्यांनी वळून हात जोडले आणि नको म्हणून मान हलवली. तेव्हा मला कळलं.

बसमध्ये त्यांनी मला शिफारशीत दुरुस्ती सांगितली. हुरडा खोडा, खळं लिहा. इंग्रजीत पाच लिहा, तिथं ज्वारी नको. मी म्हटलं, चौथीवरही गाळा मिळतो, पाच लिहायची गरज नाही. चौथीवर ठेवलं तर पुढेही मंगळवारी जाता येईल, हे मी बोलले नाही. पण ते त्यांना ऐकू गेलं असावं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जे हाये ते लिहा, बाई."

गाळा सुलतानपूरला मिळाला. साहेब पुन्हा तिथे गेले नाहीत. त्या रस्त्याने बसने जायची वेळ आली तर ते फाट्याच्या उलट्या बाजूच्या खिडकीशी बसत. बाजाराच्या दिवशीही गाळ्यांच्या ओळीकडे फिरकत नसत, भाजी दुसरीकडून, अडत्याकडून घेत, आणि ती शिळी असते म्हणून कुरकुरत. दोन-तीनदा अनसाबाईंनी कचेरीत फडकं पाठवलं. मग त्याही कामात गुंतल्या असतील.

त्यानंतर दोन वर्षांनी मला नागपूरला नोकरी मिळाली. साहेब तोवर निवृत्त झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी मी बाजारात गेले. गाळ्यात एक नवी सून बसली होती, कोणाची ते मला माहीत नाही. संध्याकाळ व्हायला आली होती आणि मेथी ताजी होती. मी वांगी घेतली आणि विचारलं, साहेब येतात का कधी इकडे?

"कोनते साहेब?" ती म्हणाली.

वांगी घेऊन मी साहेबांच्या खोलीवर निरोप घ्यायला गेले. त्यांना सांगावं की नाही, हे वाटेत ठरवता आलं नाही. पण त्यांच्यापुढे बसल्यावर सांगून टाकलं, जशी एरवी तक्त्याची माहिती सांगायचे तशी. ते ऐकत होते. एक वांगं हातात घेऊन त्याचं देठ बघत होते.

"माठ हाये का गाळ्यात?"

आहे, मी म्हटलं. भरलेला होता, मी पाणी प्यायले.

"कोन भरते?"

"मी विचारलं नाही."

त्यांनी वांगं बाकीच्या वांग्यांत ठेवलं.

"नाही इचारलं ते बरं केलं," असं म्हणून ते उठले, कोपऱ्यातल्या आपल्या माठात पेला बुडवला आणि माझ्यापुढे धरला.